लंडन येथील सरबराईचा पंचनामा

नगरच्या कलेक्टर कचेरीत ज्याने आपली उभी हयात दौऱ्यावर येणाऱ्या साहेबलोकांच्या मुक्कामाची तजवीज लावण्यात खर्ची घातली, त्याच्या स्वतःच्या मुक्कामाची तजवीज परमुलखात, परक्या माणसांकरवी आणि तीही रकमेचा आगाऊ भरणा करून व्हावी, हा प्रसंग महसूल खात्याच्या कोणत्याही नमुन्यातील कोणत्याही रकान्यात बसणारा नव्हे. विश्रामगृहातील बंब पेटला किंवा नाही, मच्छरदाणीस भोक तर नाही ना, साहेब शाकाहारी आहेत किंवा काय याची खातरजमा खानसाम्याने कोंबडीच्या मानेला हात घालण्यापूर्वी केली की नंतर, अशा बाबींत अव्वल कारकून या नात्याने माझा शब्द अखेरचा मानला जाई. भंडारदऱ्याच्या धरणाचे उद्घाटन १९२६ साली गव्हर्नर विल्सनसाहेबांच्या हस्ते झाले, तेव्हापासून पावसाळी पाहणीच्या निमित्ताने त्या बाजूला जाण्याची जी अनिवार ओढ वरिष्ठ अधिकाऱ्यांना लागून राहिली आहे, तिच्यामुळे माझ्या अनुभवात दर आषाढ-श्रावणात नव्याने भर पडत असे. सरबराई ही एक विद्या आहे आणि आत्मस्तुतीचा दोष पत्करून सांगतो, तिच्यातले मला कळते.

चिरंजीवांच्या पदवीदान समारंभानिमित्त आम्हां उभयतांना लंडनला जाण्याचा योग आला. ते ज्या वसतिगृहात राहत, तेथे बाहेरच्या इसमास रात्री थारा नसल्याने, आणि त्या व्याख्येत जन्मदात्यांचाही समावेश होत असल्याने, त्यांनी आमच्यासाठी पॅडिंग्टन स्टेशनच्या पाठीमागचे एक हॉटेल मुक्रर केले. "बाबा, यापेक्षा स्वस्त लंडनात मिळणार नाही," असे फोनवर बजावून त्यांनी एका रात्रीचा जो आकडा सांगितला, त्यात माळीवाडा स्टँडसमोरच्या लॉजमध्ये मनुष्य सहज पंधरवडा काढील आणि वर सकाळचे वर्तमानपत्रही स्वतःचे घेईल. सौभाग्यवतींनी तो आकडा ऐकून एवढेच विचारले, की एवढ्यात खोली विकत मिळते की काय.

बाहेरून पाहता इमारत एखाद्या संस्थानिकाची असावी अशी. पांढऱ्याशुभ्र खांबांची, सज्जांची आणि काळ्या लोखंडी कठड्यांची अशी अखंड रांगच्या रांग त्या गल्लीत उभी आहे. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत सुखवस्तू कुटुंबांसाठी बांधलेली ही घरे पुढे एकेका खोलीच्या हिशेबाने हॉटेलांच्या स्वाधीन झाली. गल्ल्यावर एक रुमानियन मुलगी बसली होती. माझ्या पारपत्रावर अहमदनगर आणि चिरंजीवांनी भरलेल्या तपशिलात अहिल्यानगर पाहून तिने ही गावे एकमेकांपासून किती लांब आहेत अशी पृच्छा केली. २०२४ सालचा नामांतराचा सरकारी निर्णय तिला समजावून सांगण्यास मी नुकताच आरंभ करतो न करतो तोच तिने किल्लीचे कार्ड माझ्या हाती ठेवून वरच्या दिशेने बोट दाखविले.

वरची ती दिशा फार लांबची निघाली. लिफ्ट नव्हती. जिना असा, की बॅग आणि बॅगेचा मालक यांपैकी एकाच वेळी एकानेच जावे. त्यावर गालिचा असा, की पाऊल रुतावे. आणि प्रत्येक वळणावर एक जाडजूड अग्निरोधक दरवाजा, जो आपण दोन्ही हात सामानात गुंतलेले असतानाच आपल्याला ओलांडावा लागतो व जो आपल्यामागे स्वतः होऊन, आपल्या टाचेचा विचार न करता, मिटतो. गुडघ्यावर हात टेकून धापा टाकीत असता मला शिर्डीच्या काकासाहेब दीक्षितांचे स्मरण झाले. हे मुंबईचे नामांकित सॉलिसिटर याच लंडन शहरी गाडीत चढताना पाय घसरून जायबंदी झाले; पुढे तो लंगडा पाय घेऊन शिर्डीस आले आणि तेथेच रमून त्यांनी १९११ च्या रामनवमीला यात्रेकरूंना उतरण्यासाठी वाडा खुला केला. लंडनने एका मनुष्याचा पाय अधू करावा आणि त्यायोगे नगर जिल्ह्यात हजारोंच्या पथारीची सोय व्हावी, हा ईश्वरी योजनेचा भाग खरा. परंतु माझ्या गुडघ्यातून तशी कोणतीही सार्वजनिक इमारत उभी राहण्याचा संभव मला दिसेना.

खोलीच्या चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस पलंग, पश्चिमेस त्याच पलंगाची दुसरी बाजू, दक्षिणेस खिडकी, उत्तरेस दरवाजा, जो पूर्ण उघडावयाचा झाल्यास आतील इसमाने पलंगावर चढणे आवश्यक. छप्पर एका अंगाने इतके उतरते, की त्या बाजूस निजणाऱ्याने उठताना प्रथम कुशीवर वळावे, नंतर गुडघ्यांवर यावे आणि मग सावकाश देवाचे नाव घ्यावे. या घरांत छपराखालच्या खोल्या नोकरचाकरांना देत, ही माहिती चिरंजीवांनी कौतुकाने सांगितली, तेव्हा सौ. म्हणाल्या, "अहो, म्हणजे मोलकरणीच्या खोलीचे आपण एवढे पैसे मोजतोय?" या प्रश्नाचे उत्तर मी तहकूब ठेवले. कोपऱ्यात पूर्वी बहुधा कपाट असावे अशा जागी काचेची न्हाणी बसविली होती. तेथे पाठ चोळावयाची तर कोपर बाहेर काढावे लागे. मोरीवर दोन स्वतंत्र नळ: एकातून कढत पाणी, दुसऱ्यातून बर्फाचे, दोहोंत समेट घडविण्याची संपूर्ण जबाबदारी पाहुण्याच्या ओंजळीवर टाकलेली. शौचकूपात कागद होता आणि पाणी नव्हते. त्याविषयी अधिक लिहिणे शिष्टसंमत नाही. मात्र सौभाग्यवतींनी साड्यांच्या घडीत गुंडाळून नगरहून जो तांब्या आणला होता, आणि ज्यावरून निघताना मी त्यांची यथेच्छ थट्टा केली होती, त्या तांब्यापुढे मी पहिल्याच सकाळी मनोमन हात जोडले, एवढे नमूद केल्याशिवाय हा पंचनामा पुरा होणार नाही.

ही सकाळ लंडनच्या घड्याळात उजाडण्याच्या पुष्कळ आधी माझ्या शरीरात उजाडली. आपल्याकडे लोक आंघोळी उरकून कामाला लागतात त्या घटकेस तेथे पहाटेचे तीन-चार झालेले असतात, आणि नगरचे पोट ग्रीनिचचे फर्मान मानीत नाही. अंधारात चाचपडत मी विजेची किटली लावली, चहाची पुडी बुचकळली, आणि अंगठ्याच्या पेराएवढ्या डबीतले दूध त्यात ओतताना एकाएकी मौलाना आझादांची मूर्ती डोळ्यांपुढे आली. नगरच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये सरकारने काँग्रेस कार्यकारिणीच्या ज्या बारा सभासदांची सोय केली, त्यांतले मौलाना पहाटे असेच सर्वांआधी उठत, स्वतःच्या हाताने चिनी चहा करीत, आणि त्या चहाच्या घोटांसोबत पत्रे लिहीत. तीच पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने ग्रंथरूप झाली. चिमण्यांनी त्यांच्या खोलीत घरटी मांडली तेव्हा आधी त्यांनी लढाई पुकारली आणि अखेर तह केला, ही हकीकत त्यांनीच सविस्तर लिहून ठेवली आहे. पलीकडे पंडितजी फुलझाडांची मशागत करीत, आणि १९४४ साली काही महिन्यांत त्यांनी भारताच्या शोधाचे भले दांडगे पुस्तक तेथेच हातावेगळे केले. किल्ल्यात जागा ऐसपैस, भोवती खंदक, आकाश मोकळे, मुक्काम पावणेतीन वर्षांचा, आणि आकार एक पैसा नाही; फक्त खोली सोडून जाण्याची वेळ पाहुण्याच्या हाती नव्हती. माझी खिडकी सुरक्षेच्या सबबीवर चार बोटांपलीकडे उघडू नये अशी बांधून टाकलेली. तिच्यातून चिमणीचा चंचुप्रवेशही शक्य नव्हता, मग तिच्याशी युद्ध काय किंवा तह काय, करणार कसा?

त्या अवेळी बसल्याबसल्या कारकुनी मनाने हिशेब मांडला. दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात पकडलेले बोअर सैनिक १९०१ च्या सुमारास नगरला आणून ठेवले होते. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन आले, त्यांत लढवय्ये होते तसे व्यापारी-उदमीही होते, आणि ते युद्ध संपेपर्यंत नगरचे पाणी प्याले. म्हणजे युरोपियन रक्ताच्या मंडळींना उतरवून घेण्याचा आमच्या गावाचा लौकिक काही आजचा नव्हे. आजही अरणगावला मेहेरबाबांच्या समाधीपाशी ३१ जानेवारीच्या अमरतिथीस गोरी माणसे राजीखुषीने येतात, साध्या खोल्यांत राहतात आणि कोठे तक्रार करीत नाहीत. बोअर आणि जर्मन यांच्या मुक्कामाचे बिल पॅडिंग्टनच्या दराने आकारले, तर ब्रिटिश सरकारकडे नगरची केवढी बाकी निघेल! चिरंजीवांची पदवी वित्तशास्त्रातली असल्याने मी हा मुद्दा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी थोडा वेळ गंभीरपणे विचार केला, चक्रवाढ व्याजाचा आकडा काढला, तो पाहून स्वतःच दचकले, आणि म्हणाले, की दावा मुदतबाह्य आहे. सबब तो दाखल दप्तरी केला.

न्याहारी दरात समाविष्ट असून ती तळघरात मिळे. पांढऱ्या पावाच्या चकत्या, नखाएवढ्या पुड्यांत लोणी, मक्याच्या लाह्या आणि गार दूध. भिंतीवर सूचना, की अन्न खोलीत नेऊ नये. सौ.नी पावाला लोणी फासून त्यावर शेंगदाण्याची चटणी अशी काही पसरली, की शेजारच्या मेजावरचा एक धिप्पाड गृहस्थ आपला घास हातात धरून पाहतच राहिला. मला मात्र न्याहारी म्हटले की वेलस्लीसाहेब आठवतो, आणि नगरच्या माणसाला तो आठवणे क्रमप्राप्तच आहे. ८ ऑगस्ट १८०३ रोजी त्याने शिंद्यांच्या ताब्यातले नगर शिड्या लावून घेतले, आणि चौथ्या दिवशी किल्लाही त्याच्या हवाली झाला. त्या वेळी इंग्रजांच्या छावणीत असलेल्या गोखले सरदारांनी थक्क होऊन पुण्याला लिहून कळविले, की हे लोक सकाळी आले, तटाकडे त्यांनी एकवार पाहिले, तट चढून गेले, शिबंदी कापून काढली आणि न्याहारीला परत गेले! आम्ही ज्याला शहर म्हणतो, ते त्या मनुष्याने अनशेपोटी उरकले.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि त्याचे घर आमच्या हॉटेलापासून हाइड पार्क ओलांडले की समोर येते. नाइट्सब्रिजच्या जकातनाक्यावरून शहरात शिरताना लागणारे ते पहिले घर, म्हणून त्याला 'नंबर वन, लंडन' असे म्हणण्याची प्रथा पडली. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चालत तेथे गेलो. आत शिरताच जिन्याच्या पोकळीत नेपोलियन उभा. संगमरवरी, दोन पुरुष उंच, शिल्पकार कानोव्हाच्या हातचा, आणि अंगावर एक पान वजा जाता काही नाही. हा पुतळा खुद्द नेपोलियनला पसंत पडला नव्हता. पुढे ब्रिटिश सरकारने तो विकत घेऊन त्याला हरविणाऱ्याला नजर केला. सौभाग्यवतींनी पदर सावरला, मान खाली घातली आणि तीच मान खाली ठेवून सबंध जिना चढल्या. वर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "हरलेल्या माणसाची इतकी विटंबना करू नये."

या घराच्या दालनांतून राजेरजवाड्यांनी दिलेली चिनी मातीची आणि चांदीची भांडी मांडलेली आहेत. त्यांत एक सोन्याचा मुलामा दिलेला संच 'दख्खन' या नावाने आढळला, आणि मी थबकलो. दख्खनच्या मोहिमेत त्याच्या हाताखाली लढलेल्या अधिकाऱ्यांनी वेलस्लीला दिलेली ही जेवणाची भांडी. ज्या मोहिमेची सुरुवात आमच्या वेशीच्या तटावर न्याहारीपूर्वी झाली, तिच्या स्मरणार्थ मुलाम्याची ताटे. आणि त्या वेशीतून निघून एवढा मुलूख तुडवीत आलेल्या माणसाला तळघरात नखाएवढे लोणी! सौ.चे लक्ष निराळ्याच गोष्टीकडे होते. काचेला नाक लावून त्यांनी ताटे निरखली, झाकणे निरखली, कडांची नक्षी निरखली, आणि तेथल्या रखवालदाराला खुणेने विचारले, की ही घासता कशाने. तो सज्जन मनुष्य मनापासून समजावू लागला. दोघांना एकमेकांची भाषा अक्षरशः कळत नसताना चिंच, लिंबू आणि रांगोळी या विषयांवर त्यांचा जो संवाद झाला, त्याच्यापुढे माझी ऐतिहासिक तक्रार मलाच अंमळ पोरकट वाटू लागली.

निघण्याच्या दिवशी अकरा वाजता खोली रिकामी करावयाची, आणि विमान रात्रीचे. तोवर सामान तळघरात ठेवण्यास प्रत्येक नगामागे वेगळा आकार पडेल, असे त्या रुमानियन मुलीने सांगितले. मी अभिप्रायाची वही मागितली. विश्रामगृहात अशी वही असते. तीत साहेबलोक फर्डे शेरे लिहितात, आणि खानसामा ते कोणाकडून तरी वाचून घेऊन पुढल्या खेपेस कोणाला किती तूप वाढावयाचे ते ठरवितो. "बाबा, आता वही नसते, तारे द्यायचे असतात," असे चिरंजीव म्हणत असतानाच तिने एक कोरा कागद पुढे केला. मी शुद्ध मराठीत, मोडी वळणाच्या अक्षरात, जिना, छप्पर, न्हाणी, नळ, खिडकी व लोणी या सहा मुद्द्यांवर पाऊण पानाचा शेरा लिहिला, खाली सही केली, आणि सहीखाली हुद्दा (सेवानिवृत्त) घातला. मुलीने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि अर्थ विचारला. चिरंजीव बुटांच्या नाड्यांकडे पाहू लागले. तेव्हा सौभाग्यवती पुढे झाल्या, कागदावर बोट टेकून म्हणाल्या, "रूम स्मॉल. टी गुड. गर्ल व्हेरी गुड."

तिने तो कागद आपल्या पाठीमागच्या भिंतीवर टाचणीने लावला, आणि सामानाचा आकार माफ केला.