वजनदारांची वाहवा

चांगलं लिहिणाऱ्याला पैसे मिळायलाच हवेत. कंपन्यांनी जाहिरातींवर गब्बर व्हायचं आणि ज्याच्या लिखाणावर गर्दी जमते त्याच्या हातावर चार लाइक टेकवायचे, हा उघड अन्याय आहे. म्हणून २०१६ मध्ये नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी ‘स्टीमिट’ हे ब्लॉगिंगचं व्यासपीठ सुरू केलं, तेव्हा त्या कल्पनेत दम होता. स्टीम ही त्यामागची ब्लॉकचेन नवी नाणी पाडत राहणार, वाचक मतं देणार आणि मतांच्या हिशेबाने नाणी लेखकाच्या खात्यात पडणार. मधे ना जाहिरातदार, ना दलाल.

घोडं पेंड खायचं ते मताच्या वजनापाशी. ज्याने जितकी स्टीम नाणी अडकवून ठेवलेली, तितकं त्याचं मत जड. रिकाम्या खात्याच्या शंभर वाचकांनी मनापासून दाद दिली तरी लेखकाच्या पदरी जवळपास काही पडत नसे. एका बड्या खातेदाराने, तिथल्या बोलीत ‘व्हेल’ने, बटण दाबलं की मजकुराखालचा डॉलरचा आकडा झरझर चढायचा. तो आकडा सगळ्यांना दिसत असे. म्हणजे वाचण्याआधीच भाव ठाऊक!

त्यात मत देणाऱ्यालाही कमाई होती. बराच काळ लेखकाला ७५ टक्के, मतदारांना २५. चांगला मजकूर जो आधी हेरेल, त्याला मोठा वाटा. चोखंदळ वाचकांनी हिरे हुडकावेत हा हेतू. घडलं असं, की गर्दी कुणाकडे वळणार याचा अंदाज बांधून लोक तिच्या आधी तिथे जाऊन उभे राहू लागले. मजकूर येताच फार घाईने मत देणाऱ्याचा वाटा कापायचा नियम होता. आधी या कपातीची मुदत अर्ध्या तासाची होती. मग बॉट मिनिटांचा हिशेब मांडून मतं टाकू लागले. लेखकाचं नाव आणि घड्याळ एवढं पुरे. मजकूर उघडायचं कारणच उरलं नाही. पुढे मतं उघड विकली जाऊ लागली. पैसे आणि पोस्टची लिंक पाठवा, बॉट मत देतो. ऑगस्ट २०१९ मध्ये वाटे निम्मे-निम्मे केले, विरोधी मतांना वेगळी सोय दिली. मतांच्या बाजाराला चाप बसला, पण वजनाचा काटा होता तिथेच राहिला.

आणखी एक खोट होती. मोबदल्याचा हिशेब सात दिवसांत मिटायचा. एखाद्याने किचकट तांत्रिक दुरुस्ती नीट समजावून लिहिली, तर ती शोधत माणसं दोन वर्षांनीही येतात. त्यांच्या दादेतून लेखकाला मोबदला नाही. सात दिवसांत खपतं ते ताजं आणि चटपटीत. मग तेच लिहिलं जाणार.

काटा पैशाचा असेल तर तो विकतही घेता येतो, हे २०२० मध्ये दिसलं. फेब्रुवारीत क्रिप्टो उद्योजक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी घेतली. मार्चमध्ये बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजकडे ग्राहकांनी ठेवलेली नाणी साखळी चालवणाऱ्यांच्या निवडणुकीत सन यांच्या बाजूने उतरली आणि आधी निवडून आलेले लोक बाजूला सारले गेले. त्याच महिन्यात नाराजांनी ‘हाइव्ह’ ही वेगळी साखळी काढली.

मग वजनाचा काटा काढून माणशी एक मत ठेवा म्हटलं, की ठरलेला आक्षेप येतो: तसं केलं तर एकच जण हजार खोटी खाती उघडेल. उघडेलच. आपल्या सहकारी संस्थांतही बोगस सभासद घुसवले जातात. तरी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने एक सभासद, एक मत हेच तत्त्व धरलं. भाग कितीही असोत. बोगस सभासदांवर इलाज मतदारयादी तपासण्याचा आहे, श्रीमंताला जास्त मतं देण्याचा नाही.

दुसरी वाट आहे आणि ब्लॉकचेनच्या जगातच ती सापडली आहे. ‘ऑप्टिमिझम’ या ब्लॉकचेन प्रकल्पाने २०२१ च्या अखेरीस, आधीच केलेल्या आणि उपयोगी ठरलेल्या कामांना १० लाख डॉलर वाटले. निवाडा निवडलेल्या परीक्षकांनी केला, नाण्यांच्या ढिगाने नव्हे. काय उपयोगी पडेल याच्या भाकितापेक्षा काय उपयोगी पडलं हे ओळखणं सोपं असतं. परीक्षकही ओळखीपाळखीला भुलतील. पण भुललेला परीक्षक बदलता येतो. व्हेलला कोण हटवणार?

उद्या कुणी असा समुदाय उभारणार असेल तर त्याने तिजोरीचा मालक आणि गुणांचा परीक्षक एक ठेवू नये. बक्षिसाचा काही भाग वर्षभराने, कामाचा उपयोग पाहून द्यावा. आणि वाचून निवाडा करणाऱ्याला ठरावीक मानधन द्यावं, बक्षिसात हिस्सा मुळीच देऊ नये.