खड्डे कळत नाहीत!

बोईसर-पालघरच्या धावकमंडळींत सध्या एका जाड तळव्याच्या बुटाची चलती आहे. ‘अरे, घालून तर बघ. खड्डे कळतच नाहीत!’ ही जाहिरात नव्हे. रविवारची लाँग रन संपवून आलेल्या माणसाची घाम पुसत दिलेली साक्ष आहे. रस्ता दुरुस्त झाला, असे तो म्हणत नाही. खड्डा जिथल्या तिथे आहे, खिशातले १५ हजार गेले आहेत, आणि खड्डा कळत नाही. हे सुख आजवर फक्त खड्डे बुजवणाऱ्यांच्याच वाट्याला होते.

आमचा जीव अडकला आहे तो त्या तळव्यात. टाचेखाली ४० मिलिमीटर फोम! आंतरराष्ट्रीय रोड शर्यतींत याहून जाड तळवा चालत नाही. सरावाला कोण मोजतो, म्हणून सरावाचे काही बूट त्याच्याही वर गेले आहेत. आता दुसरा आकडा घ्या. डांबरी रस्त्यावर शेवटी जे कार्पेट अंथरतात, ते २० मिलिमीटर. रस्ता जरा मानाचा असेल तर वर बिटुमिनस काँक्रीटचा ३०-४० मिलिमीटरचा थर. हे कागदावर. म्हणजे चिल्हार फाट्याच्या दिशेने पहाटे पळणाऱ्या माणसाच्या टाचेखाली रस्त्याच्या कार्पेटच्या दुप्पट माल असतो आणि तो पहिल्या पावसात वाहून जात नाही. एका थराची निविदा निघते, उद्घाटन होते, फोटो येतो. दुसऱ्याचे पैसे धावक स्वतः भरतो. त्यातला खरोखर अस्तित्वात असलेला थर कुठला, हे ज्याचे त्याने वाकून पाहावे. पालघर जिल्हा २०१४ साली झाला, आम्ही एका रात्रीत मुख्यालयवाले झालो. रस्ते मात्र अजून तालुक्याचेच आहेत.

बुटाबद्दल तक्रारी नाहीत असे नाही. जूनमध्ये वरची जाळी पाणी आत घेते आणि सोडत नाही, मग बूट चहात बुडवलेल्या खारीसारखा होतो. पण खरी गंमत तळाच्या खाचेत आहे. वजन कमी करायला तळाला मधोमध खाच ठेवलेली असते. पास्थळच्या आसपास कुठेतरी तिच्यात खडी जाऊन बसते. चांगली टोकदार, काळी, एका अंगाला डांबर चिकटलेली. मग प्रत्येक पावलाला टक्, टक्. थांबून काढायची सोय नाही, कारण मनगटावरचे घड्याळ चालू असते आणि पेस पडतो. तशीच ती चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंत जाते, तशीच परत येते, आणि घरी गॅलरीत बसून स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढावी लागते. प्रत्येक धावक दर रविवारी दोन-तीन खडे घरी आणतो. ग्रुप वाढतो आहे. या वेगाने दिवाळीपर्यंत रस्त्याचा बराच भाग लोकांच्या गॅलऱ्यांत, तुळशीच्या कुंडीत येऊन पडलेला असेल. उद्या कोणी चौकशी लावली की रस्ता गेला कुठे, तर समिती बसेल, समिती पाहणी करील, आणि अहवालात स्वच्छ लिहून येईल: रस्ता धावकांनी नेला. झडतीत मुद्देमालही सापडेल, डांबरासकट. ठेकेदार निर्दोष, शिवाय चोरीला गेलेल्या रस्त्याच्या जागी नवा रस्ता करण्याचे काम त्यालाच, कारण त्याला जागा माहीत आहे.

उंच आणि मऊ तळव्याचा आणखी एक गुण असा की सपाट रस्त्यावर तो झुलवतो आणि वाकड्या रस्त्यावर मुरगळवतो. वाघोबा खिंड उतरत असताना साइडपट्टी खचलेली, मागून मनोरकडून ट्रेलर हॉर्न दाबत आलेला. धावक कडेला होतो आणि घोटा ४० मिलिमीटर उंचीवरून खाली येतो. डॉक्टर विचारतात, ‘खड्डा दिसला नाही का?’ दिसला होता हो. कळला नाही.

तरी भक्ती आटत नाही. जाणकार मंडळी तर एका जोडीवर भागवतच नाहीत. लाँग रनला मऊ, टेम्पोला कडक, शर्यतीला कार्बन प्लेटवाला. शिवाय एकच बूट रोज घालायचा नाही. दबलेला फोम पुन्हा फुगायला मध्ये एक दिवस विश्रांती द्यायची. फोमला सुट्टी! भरपगारी!

इथे मात्र आमचे हसू थांबते. पहाटे बोईसर स्टेशनाबाहेर उभे राहा आणि फर्स्ट शिफ्टला निघालेल्या माणसांचे पाय बघा. जो कायम आहे, त्याच्या पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज. जो ठेक्यावर आहे, त्याच्या पायात झिजलेली प्लास्टिकची चप्पल. कारण बूट कोणी द्यायचे, यावर मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार मालकाकडे. रिक्षाचे पैसे वाचवायला हा माणूस चालत जातो, बारा तास उभा राहतो, चालत परत येतो. अंतर मोजले तर आमच्या ग्रुपातल्या पुष्कळांची आठवड्याची बेरीज तो सहज मागे टाकील, पण त्याला मेडल नाही, केळे नाही, फोटो नाही. त्याच्या तळव्याखाली किती मिलिमीटर, हे कुणी विचारले आहे? त्याला खड्डा कळतो. पाऊस पडल्यावर कारखान्यांच्या कडेच्या खड्ड्यात जे रंगीत पाणी साचते, तेही कळते, कारण रात्री घोटे खाजतात. आणि आम्ही त्याच्या शेजारून निऑन टी-शर्टात पळत जातो आणि ‘बाजू, बाजू’ म्हणून त्यालाच खड्ड्यात उतरवतो! लाज कोणाला वाटायला हवी, हे मिलिमीटरमध्ये सांगता येत नाही.

तेव्हा आमची मागणी आहे की रस्ते करणे ताबडतोब बंद करावे. नाही तरी कोणाला शंका येणार नाही. त्याऐवजी हा बूट सरकारी दरसूचीत घालावा आणि अंगठेबहाद्दरापासून अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या पायाला थेट कार्पेट करून द्यावे. कामाची पद्धत ठरलेलीच आहे. पावसाळ्यापूर्वी निविदा, पावसाळ्यात मुदतवाढ, पावसाळा संपला की वाढीव दर. मार्चअखेरीस निधी परत जाऊ नये म्हणून घाईघाईत वाटप होईल आणि सगळ्यांना एकाच मापाचा, डाव्या पायाचा बूट मिळेल. उजव्या पायाचे काम दुसऱ्या टप्प्यात.