रा. रा. प्रकाशतंतूराव यांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री प्रकाशतंतूराव यांचे सेवेशी,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आमच्या गावी आपली नेमणूक झाल्याचा हुकूम निघाला तो 25 ऑक्टोबर 2011 रोजी. त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने असे ठरविले की, देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांत आपण दोन वर्षांच्या मुदतीत जातीने हजर व्हावे, या कामी सुमारे 20 हजार कोटी रुपये खर्ची घालावेत, आणि तालुक्याच्या गावापर्यंत येऊन थबकलेले आधुनिक जग आपल्या खांद्यावर बसून खेडोपाडी पोहोचावे. हुकुमाची वार्ता आमच्यापर्यंत यथावकाश आली. आपण मात्र आला नाहीत. त्या वर्षी गावात जन्मलेल्या मुलांना आता मिसरूड फुटू लागले आहे, आणि आपल्या नावाची फाईल ज्यांनी प्रथम उघडली ते ग्रामसेवक बदल्या भोगून निवृत्तीला टेकले आहेत. सरकारी नोकरीत रुजू होण्यास विलंब लागणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. कोकणातल्या आडगावी बदली झालेला मनुष्य प्रथम रजा टाकतो, मग वैद्यकीय दाखला जोडतो, आणि अखेरीस कोणाची तरी चिठ्ठी आणून हुकूमच फिरवून घेतो, हे आम्ही पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत. परंतु रुजू न होताच ज्याची हजेरी पटावर लागली, असा अधिकारी आमच्या पाहण्यात आपणच पहिले.

आपल्या कुलशीलाविषयी शंका घेण्याचे धारिष्ट आम्ही करणार नाही. केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे पाठविता येते, हे पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत लंडनमध्ये सिद्ध करून 1954 साली प्रसिद्ध केले. पुढे 1966 साली चार्ल्स काओ यांनी असे प्रतिपादन केले की, प्रकाश वाटेतच विझतो तो मुख्यतः काचेतील अशुद्धीमुळे, आणि ही अशुद्धी काढून टाकली तर तो कित्येक किलोमीटर धावू शकेल. या कार्याबद्दल त्यांना 2009 साली नोबेल पारितोषिक मिळाले. काचेतील अशुद्धी शास्त्रज्ञांनी दूर केली खरी. निविदेतील अशुद्धी जाळणारी भट्टी मात्र अद्याप कोणी शोधून काढलेली नाही. आपल्या अंगातून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो, असे पदार्थविज्ञान सांगते, आणि तालुक्याच्या गावापासून आमची वेस अठरा किलोमीटर. म्हणजे जे अंतर सेकंदाच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनही कमी अवधीत काटण्याचे सामर्थ्य अंगी आहे, त्याला आपण तपाहून अधिक काळ लावलात. इतका विनय आजकाल दुर्मीळ आहे.

आपल्या स्वागतात आमच्याकडून कसूर झालेली नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत, जन्ममृत्यूच्या नोंदवह्यांचे कपाट आणि गणपतीची तसबीर यांच्या मधल्या भिंतीवर एक राखी रंगाची लोखंडी पेटी आपल्या वास्तव्यासाठी बसविलेली आहे. पेटीला कुलूप आहे. किल्ली ठेकेदाराच्या ज्या माणसाकडे होती, तो पेटी बसविल्याच्या दिवशी तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढून गेला तो गेलाच. झरोक्याला डोळा लावला तर आरंभी आत एक तांबडा दिवा दिसे, आणि गावातली पोरे शाळा सुटल्यावर तो पाहायला येत. पुढे बॅटरी बसली आणि ते दर्शनही संपले. आता पेटीच्या माथ्यावर जुन्या मतदारयाद्यांचा गठ्ठा असतो व पाठीमागे पालीचा संसार. असे असूनही वरच्या कचेरीतील तक्त्यात आमच्या गावापुढे, सेवा सुरू होण्यास सर्व सिद्धता झाली, अशी बरोबरची खूण आहे. ती खोडावी कोणी? खोडावयाची तर ज्याने केली त्याची चौकशी लागेल, आणि ज्याने खोडली त्याला खुलासा द्यावा लागेल. म्हणून जो तो ती पाहतो आणि पान उलटतो.

आपल्या मार्गात विघ्ने आली, हे आम्हांस मान्य आहे. आपणांस जमिनीखाली 1.65 मीटर खोल निजविण्याचा दंडक, आणि आमची जमीन जांभ्याची, जिच्यावर पहार आपटली की ठिणगी उडते आणि मजुरी वाढते. ठेकेदाराने यावर तोड काढली ती अशी की, माती मऊ लागेल तेथे नियमाप्रमाणे खोल जावे, जांभा लागेल तेथे हातभर खणून वर माती ओढावी, आणि मोजमाप पुस्तिकेत मात्र सर्वत्र एकच खोली लिहावी, कारण पुस्तिकेचा कागद सर्वत्र सारखाच मऊ असतो. पहिल्याच पावसाळ्यात रस्त्याची बाजूपट्टी वाहून गेली, आपली काळी काया उघड्यावर पडली, आणि वरच्या वाडीतील एका गृहस्थांनी तुटून लोंबणारा तुकडा उचलून पडवीत कपडे वाळत घालण्यासाठी ताणून बांधला. तो चार पावसाळे टिकला आहे आणि ओल्या घोंगड्यांच्या वजनानेही वाकत नाही. मालाच्या दर्जाविषयी आमची तक्रार नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

तशात आपणांस भाऊबंदकीचाही उपसर्ग आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे कामही 2011 सालीच सुरू झाले. तेव्हा आपण दोघे एकाच नक्षत्रावर जन्मलेले बंधू, आणि बंधूंमध्ये जे व्हावयाचे तेच झाले. एक खाते खणून आपणांस पुरते, दुसरे खाते रुंदीकरणासाठी खणताना आपणांस तोडते, तिसरे खाते पाण्याची पाइपलाइन टाकताना दोघांनाही उखडते, आणि प्रत्येकाजवळ आपापल्या परवानगीचा कागद असतो. जमिनीत काय पुरले आहे ते खणण्यापूर्वी विचारून घ्यावे, यासाठी मार्च 2023 मध्ये दिल्लीत एक ॲप काढण्यात आले. कल्पना उत्तम, फक्त ते उघडण्यासाठी जेसीबीवाल्याला घाटात रेंज मिळावी लागते, आणि घाटात धड रेंज मिळण्यासाठी आपण अगोदर तुटलेले नसावे लागता.

शिवाय आरंभीच्या आखणीत आपला प्रवास बहुतेक ठिकाणी तालुक्याकडून सुटणाऱ्या एकेरी मार्गाने ठरविलेला होता. वाटेत कोठे घाव बसला की त्यापुढल्या पंचायतींत एकदमच अंधार. ऑगस्ट 2023 मध्ये मंत्रिमंडळाने 1 लाख 39 हजार 579 कोटी रुपयांचा जो सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात ही रचना बदलून वर्तुळाकार करण्याचे ठरले, म्हणजे एका अंगाने वाट तुटली तर आपण दुसऱ्या अंगाने यावे. निर्णय शहाणपणाचा आहे, आणि तो आम्ही मनापासून शहाणपणाचा म्हणतो. मात्र एकाच वाटेवर विसंबू नये हे ज्ञान आमच्या गावच्या गुराख्यांना वर्तुळाकार कार्यक्रमाच्या पूर्वीपासून आहे आणि त्याचा मोबदला त्यांनी कधी मागितलेला नाही.

मुदतींविषयी काय लिहावे? फेब्रुवारी 2012 मध्ये आपल्या पालनपोषणासाठी स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन झाली. अजमेर, विशाखापट्टणम आणि उत्तर त्रिपुरा या जिल्ह्यांतील एकेका तालुक्यात आपला प्रयोग करून पाहण्यात आला. 2015 साली योजनेचे नामकरण ‘भारतनेट’ असे झाले. बारशाने बाळ चालू लागत नाही, तरी डिसेंबर 2017 अखेर आपण एक लाख पंचायतींपर्यंत पोहोचल्याचे जाहीर झाले आणि उरलेल्यांसाठी मार्च 2019 ही तारीख पडली. ती गेली, ऑगस्ट 2021 आली, तीही गेली. मधल्या काळात, 15 ऑगस्ट 2020 रोजी, लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी येत्या 1000 दिवसांत देशातील सर्व 6 लाख गावे आपल्याशी जोडण्याची घोषणा केली, आणि आमच्या शाळेतील गणिताच्या गुरुजींनी फळ्यावर हिशेब करून ती मुदत मे 2023 मध्ये भरते असे दाखवून दिले. मे महिना आला, आंबे उतरले, पेट्या मुंबईला गेल्या. तत्पूर्वीच 2022 साली आपले पालन करणारी ती कंपनी एका थोरल्या सरकारी कंपनीत विलीन करण्याचा निर्णय झालेला होता, त्यामुळे मुदत कोणाकडे मागावी आणि वाढवून कोणी द्यावी, हाच प्रश्न काही काळ अधांतरी राहिला.

विलंबाचे, खरे सांगावयाचे तर, आम्हांला फारसे दुःख नाही. ज्यांचा जन्म एस.टी.ची वाट पाहण्यात गेला, त्यांना आणखी एकाची वाट पाहणे जड जात नाही. आमचे गाऱ्हाणे निराळेच आहे. आपण रुजू होण्यापूर्वीच सरकारने जुन्या माणसांकडून चार्ज काढून घेतला. तलाठी पूर्वी बांधावर येऊन, आणि न आला तर चावडीत बसून अंदाजाने का होईना, पीकपाहणी लिहीत असे. 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढावा आणि ई-पीक पाहणी नोंदवावी, असा नियम झाला. रोजगार हमीच्या कामावर हजेरीचा कागद असे, त्यावर मजूर अंगठे उठवीत. 1 जानेवारी 2023 पासून त्यांचे फोटो दिवसातून दोनदा ॲपवर चढले पाहिजेत, म्हणजे माणसाने चर खणला की नाही हे चर पाहून नव्हे, तर फोटो चढला की नाही यावरून ठरते. अंगणवाडीच्या ताईंची वही गेली. पोरांची वजने आता मोबाइलमध्ये भरावयाची. कागद हळू चाले, कधी गहाळ होई, कधी पैसे खाई, हे सारे खरे. पण तो पावसात आणि अंधारात चालत असे, आणि त्याला टेकडीवर चढून उंच धरावे लागत नसे.

रेशनच्या दिवसाचे तेवढे वर्णन करतो, कारण आपण रुजू झाल्यावर ते दृश्य आपणांस पाहावयास मिळणार नाही. दुकानात रेंज नसल्यामुळे दुकानदार ई-पॉस यंत्र काखोटीला मारून देवळामागच्या फणसाखाली येतो, कारण रेंजेची एक काडी आजवर तेथेच सापडत आली आहे. त्याच्यामागून सारी रांग पिशव्यांसह फणसाकडे वळते. धान्य दुकानात, अंगठा झाडाखाली. माझ्या शेजारच्या आजी पुढे होऊन अंगठा पदराला पुसतात, यंत्राच्या काचेवर टेकवतात, आणि पडद्यावरची चकरी गरगर फिरू लागते. साठ वर्षे चिखलात भात लावून त्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. तेव्हा दोष रेंजेचा, सर्व्हरचा की अंगठ्याचा, हे दुकानदारालाही कळत नाही. “आजी, परत लावा.” आजी परत लावतात. “सर्व्हर डाऊन आसा, आजी. उद्या येवा.” त्यावर आजींनी उच्चारलेले वाक्य असे : “मेल्या, कालय मीच होतंय, आजय मीच आसंय, ह्या मशिनीक दिसणा नाय काय?” या प्रश्नाचे उत्तर कोणत्या खात्याकडे मागावे, ते कळवावे.

आणि या विलंबाचा खर्च कोण सोसतो, तेही सांगून ठेवतो. खेड्यांपर्यंत दूरसंचार सेवा पोहोचावी म्हणून 2002 साली एक निधी सुरू झाला, ज्याला अलीकडे डिजिटल भारत निधी असे नाव मिळाले आहे. कंपन्यांच्या समायोजित महसुलातील 5 टक्के हिस्सा त्यात वर्षानुवर्षे जमा होत आला, आणि आपला प्रवासखर्चही त्यातूनच भागतो. कंपनीचा महसूल म्हणजे शेवटी गिऱ्हाइकाचे रिचार्ज. तेव्हा आजींचा नातू ज्या मोबाइलवर महिन्याचे रिचार्ज मारून फणसाखाली काडी शोधतो, त्या रिचार्जमधला काही अंश, जेथे रेंज नाही तेथे रेंज आणण्यासाठी, आपल्या नावे जमा झालेला असतो. मुंबईची चाकरमानी मंडळी गणपतीला येतात, घरून काम करू म्हणून लॅपटॉप आणतात, आणि दुसऱ्या दिवशी साहेबाला सुट्टीचा अर्ज पाठविण्यासाठी लॅपटॉप डोक्यावर धरून टेकडी चढतात. त्यांचे आम्हांला हसू येते. 2020 साली शाळा बंद असताना आमच्याच कोकणातली पोरे तासाला बसण्यासाठी डोंगरावर खोपटी बांधून राहिली, पावसात प्लास्टिक पांघरून. तेव्हा मात्र कोणी हसले नव्हते.

सबब विनंती अशी की, आपण सवडीने यावे. रस्ता अर्धवट आहे, पेटी कुलूपबंद आहे, घाई नाही. मात्र आपण येईपर्यंत एक छोटीशी व्यवस्था आपल्या वशिल्याने व्हावी. सरकारने नवे ॲप काढले की ते सक्तीचे करणाऱ्या हुकुमावर ज्या साहेबांची सही असेल, त्यांनी एका रेशनच्या दिवशी आमच्या गावी येऊन, फणसाखाली उभे राहून, आपल्याच ॲपवर आपली हजेरी लावून दाखवावी, आणि ती लागली तरच त्या दिवसाचा भत्ता उचलावा. जेवणाचा भार ग्रामस्थांवर. कुळथाची पिठी, उकडा भात आणि सोलकढी यांत कमतरता पडणार नाही. परतीची शेवटची एस.टी. साडेपाचला सुटते. हजेरी तोवर लागली नाही, तर देवळाच्या सभामंडपात मुक्काम करता येईल, आणि मुक्काम पडल्याचे घरी कळवावयाचे असल्यास टेकडीपर्यंत वाट दाखवायला बॅटरी घेऊन एक पोर सोबत देऊ.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक ग्रामस्थ