बारा हवा

आमच्या आणि काकूंच्या घरामधलं कुंपण म्हणजे चार गंजके पत्रे आणि उरलेल्या जागेत बोराटी. तिसऱ्या पत्र्याला वरच्या अंगाला एक खाच पडली आहे. त्या खाचेतून ताक जातं, कोथिंबीर येते आणि अख्ख्या गल्लीच्या बातम्या दोन्हीकडून जातात-येतात.

२०२५ च्या दसऱ्याला आठवडा उलटला होता. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन पसरलेलं, मी पायानं पालथं घालत होते. सप्टेंबरच्या पावसानं त्या वर्षी मराठवाड्याचं जे केलं ते सगळ्यांनी बघितलंच आहे. दोन एकर कसंबसं घरात आलं, दोन एकर अजून शेतात उभं. काकूंनी खाचेतून हात घालून चार दाणे उचलले, एक दाताखाली धरला.

"चिवट हाय गं. कट् वाजंना अजून. पंधरा-सोळा हवा असंल."

हवा म्हणजे ओलावा. मोंढ्यात आडत्या मूठभर दाणे वाटीएवढ्या यंत्रात टाकतो, आकडा उमटतो आणि त्या आकड्यावर आपलं वर्ष ठरतं. हमीभावाच्या केंद्रावर बारा हवेपर्यंतच माल घेतात. काकूंच्या दातांचा आकडा यंत्रापेक्षा फार तर एकानं चुकतो.

"गेल्या वर्षी पंधरा चालत होती की," मी म्हटलं.

"ती इलेक्शनची हवा होती बाई. मतदान आलं की दाणा आपोआप वाळतो."

मी हसले, पण खोटं काय त्यात? २०२४ च्या नोव्हेंबरात, २० तारखेच्या मतदानाच्या तोंडावर बाराची मर्यादा पंधरावर नेली होती. दाणा तोच, पाऊस तोच. २०२५ चा हमीभाव ५३२८ होता, आदल्या वर्षीपेक्षा ४३६ रुपयांनी जास्त. पण केंद्र उघडलेलं नव्हतं, आणि मोंढ्यात आमच्या ह्यांना भिजका माल म्हणून अडतीसशेनं मागितला. दिवाळी दारात. बँकेवाल्याला आणि खतवाल्याला केंद्र कधी उघडणार हे सांगून काय उपयोग?

काकूंनी खाचेत वाटी ठेवली. "थोडं तेल दे. पावशेर आणलेलं काल संपलं. आता पिशव्या बी कसल्या काढल्यात बघ, लिटर म्हणून आणावं तर वर बारीक अक्षरात साडेसातशे ग्रॅम."

तेल ओतता ओतता मी माझं शहाणपण पाजळलं. माझा भाऊ लातूरला तेल मिलमध्ये मुनीम आहे, त्याच्याकडून ऐकलेलं. म्हटलं, काकू, तेल महाग झालं ते आमच्यासाठीच. गेल्या वर्षी १४ सप्टेंबरला सरकारनं बाहेरून येणाऱ्या कच्च्या तेलावरचा कर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेला. बाहेरचं तेल महाग झालं की इथल्या सोयाबीनला भाव येईल, असा हिशेब.

काकू वाटीकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तुझ्यासाठी माझं तेल महाग केलं?"

"हां, तसंच."

"मग तुला काय भाव आला?"

आता काय सांगू? आदल्या दिवाळीला आम्ही बेचाळीसशेनं विकलं होतं. हमीभाव होता ४८९२. काकूंनी जास्तीचे पैसे मोजले आणि ते आमच्यापर्यंत आलेच नाहीत. पत्र्याच्या अलीकडे नाहीत, पलीकडेही नाहीत. वाटेत कुठं उतरले कोण जाणे.

भावाला हेच विचारलं होतं. तो म्हणाला, ताई, क्विंटलभर सोयाबीनमध्ये तेल निघतं अठरा किलो, बाकी ऐंशीच्या आसपास पेंड. तुझ्या सोयाबीनचा भाव पेंड ठरवते. ती जाते कोंबड्यांना. आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घालायचं म्हणून मक्याचं, तांदळाचं इथेनॉल करतात. त्यातून उरलेला चोथाही चांगल्या प्रथिनांचा, वर पेंडीपेक्षा स्वस्त. कोंबडीवाला कशाला महाग पेंड घेईल?

काकूंना हे सगळं सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "म्हणजे कोंबड्या पेट्रोलचा चोथा खायल्यात, म्हणून तुझं सोयाबीन पडलं?"

मी एवढं नेमकं म्हटलं नव्हतं. पण भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तोही म्हणाला, काकूंना मिलमध्ये पाठवून दे.

आणि गंमत अशी, २०२५ च्या ३० मेला, ऐन पेरणीच्या तोंडावर, तोच कर परत साडेसोळावर आणला. शहरात तेलाची ओरड झाली होती. आम्ही तोवर बियाण्याच्या बॅगा घेऊन बसलेलो.

मग मी मुद्द्यावर आले. शेतातलं दोन एकर काढायचं होतं. "काकू, उद्या तुमची बायांची टोळी घेऊन या की. साडेतीनशे देते."

"चारशे. चिखलात वाकायचं हाय."

माझ्या तोंडातून निघून गेलंच, "सरकारचे लाडकी बहीणचे पैसे आल्यापासून तुम्ही बाया काही हाती लागेना झालात." हे वाक्य माझं नाही, पारावरचं आहे. पण पारावरचं वाक्य घरात यायला वेळ लागत नाही.

काकू रागावल्या नाहीत. बोटांवर मोजायला लागल्या. "महिन्याचे दीड हजार भागिले तीस. किती? पन्नास. पन्नास रुपयांसाठी कोण घरी बसतंय गं? तुझ्या मालकाला देते पन्नास, बसतेत का बघ घरी."

मग आवाज जरा खाली घेऊन त्यांनी जे सांगितलं, ते मला पारावर कुणाकडूनच कळलं नसतं. आधी श्रावण लागला की त्या एका बागायतदाराकडून उचल घ्यायच्या. सणाला, लेकीच्या बोळवणीला, नातवाच्या दप्तराला. दोन हजार, तीन हजार. ती फिटेपर्यंत तो बोलवेल तेव्हा जायचं, आणि तो देईल तो रोज. गल्लीत अडीचशे चालू असले तरी त्याच्याकडे दोनशेच, वर उपकार. २०२४ च्या राखीच्या आधी खात्यावर दोन महिन्यांचे तीन हजार पडले आणि त्या वर्षी त्यांनी उचल घेतलीच नाही.

"गळ्यातलं दावं तेवढं निघालं. कामाला मी जातेच. पण कुणाकडं जायचं ते मी बघते."

मी सोयाबीन उगीच हातानं सारखं करत राहिले. त्या बागायतदाराचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही. आमचा भाव कोण ठरवतं यावर मी तासभर बोलले होते, आणि त्यांचा रोज कोण ठरवत होतं हे पत्र्याला पत्रा लागून असून मला माहीत नव्हतं.

हे झालं त्यांच्या फायद्याचं. पण आमच्या ह्यांनी २०२५ ला खुरपणीला बाया लावल्याच नाहीत, तणनाशक मारलं. नुसतं आम्हीच नाही, शेजारच्या तिघांनीही. काकूंचा रोज वाढला आणि खुरपणीचे दिवस गेले. हेही त्यांना ठाऊक होतं. "औषधाला जेवायला लागत नाही," एवढंच म्हणाल्या.

मग रोजगार हमीवर जा ना, असं म्हणायची सोय आहे. २०२५ ला तिथला दर ३१२ होता. ही हमी महाराष्ट्रानंच देशाला दाखवली. १९७२ च्या दुष्काळातली कामं, मग १९७७ चा कायदा, आणि दिल्लीला तो सुचायला २००५ उजाडलं. बहात्तरला काकू सातेक वर्षांच्या होत्या. आई खडी फोडायची आणि काकू सुकडीसाठी रांगेत. त्यांना चव अजून आठवते.

"आई सांगायची, तिथं बाई-गड्याला एकच दर. तुझ्या शेतात गड्याला किती?"

"पाचशे."

"आन मला साडेतीनशे."

चारशे कबूल केले. गुत्तं द्यायचं की रोजानं, हे ठरवायचं राहिलं होतं, तेवढ्यात ढग गडगडले आणि आम्ही दोघींनी मिळून ताडपत्री गोळा केली. काकू बोराटीतून वाकून अलीकडे आल्या, लुगड्याला चार काटे घेऊन.

"मग उद्या सकाळी सातला?" मी विचारलं.

"उद्या नाही जमायचं. लाडकी बहीणच्या केवायसीला जायचंय, नाहीतर हप्ता बंद म्हणायलेत. दोन दिवस झाले हेलपाटे घालते. तिथला पोरगा म्हणतो, आधार नवऱ्याचं बी लागतंय, त्याच्या मोबाईलवर ओटीपी येईल तो सांगा." त्यांनी लुगड्यातला काटा उपसून बोराटीत फेकला. "आता बारा वर्षं झाली मालक वर जाऊन. तिथं रेंज हाय का बघाय पाहिजे."

तेलाची वाटी उचलून त्या गेल्या. मी परवाचं विचारायला खाचेशी गेले, तर पाऊस लागलाच होता.