झाकू नका, बघा

धाराशिवच्या बाजारात फाउंडेशन घ्यायला गेलेल्या पोरीच्या हातात तिच्या रंगाची बाटली क्वचितच पडते. पडते ती एक-दोन छटा उजळ. "ताई, ही न्या, चेहरा उठून दिसतो," असं काउंटरवरून सांगितलं जातं आणि सोबत आलेली मावशीही मान डोलावते. काही दिवसांत गालावर पुरळ येतं, हनुवटीला खाज सुटते. मग पुरळ दिसू नये म्हणून थर आणखी जाड होतो आणि थर जाड झाला की पुरळही वाढतं. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी रोजच्या मेकअपमधून फाउंडेशन काढून टाकावं. कमी करावं असं मी म्हणत नाही, काढूनच टाकावं.

लग्नात लावा, गॅदरिंगला लावा, त्याला कुणाची हरकत नाही. माझी हरकत आहे ती रोजच्या सक्तीला. सकाळी कळंबहून एसटीनं धाराशिव गाठायचं, दिवसभर शाळेत नाहीतर बँकेत उभं राहायचं, संध्याकाळी परत तीच बस. या बाईच्या चेहऱ्यावर तो थर दहा-बारा तास बसून असतो. बालाघाटच्या पठारावरचा हा जिल्हा, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी, रस्त्याला धूळ. घाम त्या थराखाली साचतो, धूळ वर चिकटते.

त्या बाटलीत असतं तरी काय? पाणी, तेल किंवा सिलिकोन, ते दोन्ही एकजीव ठेवणारी रसायनं, रंगासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोहाची ऑक्साइडं, शिवाय सुगंध आणि टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्यं. रंगद्रव्यं सहसा निरुपद्रवी असतात. नाजूक त्वचेचं बिनसतं ते बहुतेक सुगंधाशी आणि टिकाऊपणाच्या द्रव्यांशी. लावण्याइतकाच त्रास काढण्याचा. रात्री बोअरच्या जड पाण्यानं आणि साबणानं चेहरा खसाखसा घासायचा, तरी नाकाच्या कडेला, भुवयांत, केसांच्या रेषेत रंग उरतोच, मग टॉवेलनं पुन्हा रगडायचं. त्वचेच्या वरच्या थरात जी चरबी ओलावा धरून ठेवते, तीच या रगडण्यानं निघून जाते. सकाळी ताणलेल्या, चुरचुरणाऱ्या चेहऱ्यावर पुन्हा तीच बाटली. ज्या स्पंजनं ती पसरवायची, तो मोरीच्या फळीवर ओलाच पडलेला असतो. ओल्या स्पंजात जंतू वाढतात, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

पण माझा खरा राग या सगळ्यावरही नाही. फाउंडेशन चेहऱ्याचं तोंड बंद करतं, यावर आहे. त्वचा बिघडली की ती कुठं आणि कशी बिघडली यावरून कारण कळतं. तो पुरावा आपण रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुसतो.

पहिलं उदाहरण म्हणून बांधाबांधावर उभं असलेलं गाजर गवत बघा. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे परदेशी तण आज मराठवाड्यात कुठं नाही? त्याचे कण हवेतून येतात आणि पापण्यांवर, कानामागं, मानेच्या वळ्यांत बसतात. तिथली कातडी लाल होते, खाजते, पुढं जाड आणि काळी पडते. शेतात जाणाऱ्या, शाळेच्या वाटेवर गवतातून चालणाऱ्या बाईच्या पापण्या सुजल्या तर डॉक्टर आधी याचाच विचार करतील. पापण्यांवर कन्सीलर आणि मानेपर्यंत फाउंडेशन ओढून गेलात तर त्यांना दिसणार काय?

दुसरं उदाहरण तुळजापूरच्या जिल्ह्यात बोलायला अवघड, पण बोललं पाहिजे. कुंकू. आराधी बायकांचा कपाळभर मळवट, देवीच्या दारातली हळदी-कुंकवाची दुकानं, हे आपलं वैभव आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं केम तर कुंकवासाठीच ओळखलं जातं. हळदीला क्षाराची जोड मिळाली की ती लाल होते, त्यातूनच पारंपरिक कुंकू बनतं. पण आज बाजारात स्वस्त कृत्रिम रंगांचं कुंकूही भरपूर आहे, आणि त्यातल्या काही रंगांनी कपाळावर काळसर-करडा डाग उमटतो. खाज फारशी नसते, म्हणून बाई दुर्लक्ष करते. डाग वाढत जातो, त्यावर फाउंडेशन चढतं, त्यावर पुन्हा तेच कुंकू. टिकलीचं आणखी वेगळं. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं द्रव्य असतं. त्यानं टिकलीच्या जागी नेमका गोल पांढरा डाग पडू शकतो. घरचे घाबरतात, कोड म्हणतात, पोरीचं लग्न अडेल म्हणून तो डाग झाकायला लावतात. टिकली बदलायचं मात्र कुणाला सुचत नाही. डाग झाकला नसता तर दोन महिने आधी कुणीतरी विचारलं असतं, "अगं, टिकली कुठली लावतेस?"

तिसरं उदाहरण सर्वांत वाईट. गोरं करणाऱ्या काही मलमांत स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही नावं ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात. सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो, म्हणून ती ट्यूब जाऊबाईंकडून नणंदेकडं, नणंदेकडून शेजारी जाते. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, उन्हात गेलं की भाजल्यासारखं होतं, ओठांवर लव वाढते. मलम थांबवलं की चेहरा दुप्पट लाल, म्हणून पुन्हा तेच मलम. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं आवाज उठवल्यावर 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी कागदावर आहे, ट्यूब अजूनही हातात आहे. आणि लाल झालेल्या त्या चेहऱ्यावर उपाय म्हणून सांगितलं काय जातं? फाउंडेशन लावा.

ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नावच नाही, तिची गोष्ट तर जिवावर बेतणारी. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघी, तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण, एकच क्रीम लावत होत्या. तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा त्यात पारा निघाला. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी सगळीकडं छापून आली. पारा त्वचेतलं मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून रंग उजळतो, आणि तोच पारा कातडीतून रक्तात जातो. आपल्या कायद्यानं डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडून बाकी प्रसाधनांत दहा लाखांत एका भागाहून जास्त पारा चालत नाही. उजळ छटेची बाटली आणि ही बिननावाची डबी एकाच काउंटरवरून, एकाच वाक्यानं विकली जाते: चेहरा उठून दिसतो. म्हणून मी दोन्हींना एकत्र धरते.

याचा अर्थ शृंगार सोडा, असं मुळीच नाही. शृंगार आपल्या मातीतलाच आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात जाऊन बघा. इटलीत पाँपेईला 1938 साली मिळालेल्या मूर्तीशी तिचं नातं अभ्यासकांनी जोडलंय. पाँपेईची ती मूर्ती आरशाची मूठ असावी असं मानतात, आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी धरलेल्या दासी कोरल्या आहेत. आरसा आणि प्रसाधन या मुलखात दोन हजार वर्षं आहेत. बाईनं नटावं, हौसेनं नटावं. रंग बदलण्यासाठी मात्र नटू नये.

मग रोज लावायचं काय? साध्या पाण्यानं आणि सौम्य, बिनवासाच्या फेसवॉशनं चेहरा धुवा, घासू नका. ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. खूप कोरडं असेल तर रात्री पेट्रोलियम जेलीचा हलका हात पुरतो, ती स्वस्त आहे आणि तिची ॲलर्जी फार क्वचित होते. सकाळी झिंक ऑक्साइड असलेलं, एसपीएफ 30 किंवा अधिकचं सनस्क्रीन. पैसा घालायचाच असेल तर इथं घाला. वांग असतील तर लोहाचं ऑक्साइड मिसळलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या, ते उन्हातल्या दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतं, आणि रंगही थोडा एकसारखा दिसतो. त्यावर काजळ, ओठांना आवडीचा रंग, भुवयांवरून ब्रश. एखादाच डाग खुपत असेल तर कन्सीलरचा ठिपका त्या डागापुरता. नवी वस्तू आली की आठवडाभर दिवसातून दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथं काही झालं नाही तरच चेहऱ्याजवळ न्या. पहिले काही दिवस चेहरा उघडा वाटेल, कुणीतरी "बरं नाही का गं?" असंही विचारेल. "बरी आहे," एवढं सांगा आणि कामाला लागा.

आयांना, सासवांना हात जोडून सांगणं आहे, पोरीच्या रंगावर बोलणं बंद करा. दुकानदार दादांना सांगणं आहे, गिऱ्हाइकाच्या रंगाचीच बाटली दाखवा, आणि परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी नसलेली एकही डबी दुकानात ठेवू नका. आणि ज्यांचा चेहरा आज लाल आहे त्यांना: स्टेरॉइडचं मलम लावत असाल तर आपल्या मनानं एकदम बंद करू नका. ती ट्यूब, टिकलीचं पाकीट, कुंकवाची डबी, सगळं एका पिशवीत घाला, चेहऱ्याला काहीही न लावता शासकीय रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात जा आणि पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.