किल्लारीचा मास्तर, मुक्काम परमुलूख

आमच्या औसा तालुक्यात कुणी 'पोरगं फॉरेनला गेलं' म्हटलं, की आम्ही अमेरिका का कॅनडा असं विचारत नाही. विचारतो, 'कणकवली का गुहागर?' डी.एड. झालेल्या पोराचं परदेशगमन बहुतेक तिकडंच होतं.

या परदेशाला पासपोर्ट तेवढा लागत नाही, बाकी सगळं लागतं. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी झाली २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, निवड यादी लागली २०२४ च्या फेब्रुवारीत. एवढ्या वेळात कॅनडाचा व्हिसा मिळतो, नाकारला जातो आणि दुसऱ्यांदा अर्जही करून होतो. हे सगळं ज्या पोर्टलवर चालतं त्याचं नाव 'पवित्र'. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायलाच हवी.

निवड झाली की पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक'. मानधन सोळा हजार. कुरकुर करू नका, २०२३ च्या आधी ते सहा हजार होतं. त्याच २०२३ मध्ये सरकारने रिकाम्या जागांवर निवृत्त गुरुजींना कंत्राटावर बोलावलं आणि महिना वीस हजार देऊ केले. म्हणजे पेन्शन असलेल्याला वीस आणि खोलीभाडं असलेल्याला सोळा. नव्या पोरांनी सरळ निवृत्त होऊनच नोकरीला लागावं.

असाच आमच्या किल्लारीकडचा एक पोरगा तळकोकणात रुजू झाला. जून महिना. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा तो कॉलेजात होता. पाणी बादलीने मोजून घेतलेला माणूस. त्याला आता आभाळाखाली उभं केलं आणि आभाळ थांबेचना. आठ दिवसांत चपलेला बुरशी, पंधरा दिवसांत सर्व्हिस बुकाला. आईने बांधून दिलेल्या ज्वारीच्या पिठात अळ्या झाल्या. शेंगाची चटणी तेवढी टिकली, ती कुठंही टिकते.

गाव शोधण्यात त्याचा पहिला दिवस गेला. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या किल्लारीत वाढलेला तो. आखीव प्लॉट, सरळ रस्ते, कोपऱ्यावर उभं राहिलं की अर्धं गाव दिसतं. इथं वेस नाही, चावडी नाही, पार नाही. एक घर या डगरीवर, दुसरं त्या काजूच्या बागेपलीकडे, आणि सगळं मिळून म्हणे गाव. पटनोंदणीसाठी घरोघर फिरायचा आदेश निघाला, तेव्हा त्याला कळलं की इथं शेजारच्या घरी जायलासुद्धा ओढा ओलांडावा लागतो.

मग खोली. घरमालकीणबाईंनी पहिला प्रश्न टाकला, 'गुरुजी, तुमी मासे खातास मां?'

'नाही काकू, माळ आहे.'

'अरे देवा, मगे जगतास कशार?'

त्या माउलीच्या चेहऱ्यावरची कीव खरी होती. तिने त्या रात्री कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी वाढली आणि भाड्यातले दोनशे कमी केले. माळेचा असा प्रत्यक्ष लाभ पंढरपुरातही कुणाला झाला नसेल.

रात्री आईचा फोन. आया आधी 'जेवलास का' विचारतात. किल्लारीची आई नाही. 'भिंती कशाच्या हायत रं? वर काय हाय?' चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, असं सांगितल्यावर पुढचा प्रश्न, 'दाराची कडी लगेच निघते का, हात लावून बघ.' ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्नचा भूकंप. आदल्या दिवशीच गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं माळवद, तेच अंगावर आलं. पोराचा जन्म त्यानंतरचा. तरी त्याने उठून कडी दोनदा काढून बघितली आणि खाट भिंतीपासून हातभर सरकवली. मग जेवण झाल्याचं सांगितलं.

शाळेतही तेच. 'गुरुजी, तुमी खयचे?' लातूर म्हटल्यावर वर्ग गप्प. किल्लारी म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरून आवाज, 'थय अजून जमीन हलता काय?' आमच्या गावाला नीळकंठेश्वराचं मंदिर आहे, साखर कारखाना आहे, पण जगाच्या लेखी आम्ही एका पहाटेपुरते. पोरगा हुशार. त्याने त्या एका प्रश्नावर चार दिवस भूगोल शिकवला. पाचव्या दिवशी वरून कुठलीशी माहिती 'आजच्या आज' मागवली गेली आणि भूगोल संपला.

आता तिकडच्या लोकांचंही ऐकू. कोकणातले डी.एड. झालेले तरुण स्थानिकांना आधी घ्या म्हणून आंदोलनं करतात. आम्हाला राग येतो, पण त्यांचा मुद्दा खोटा नाही. आमची पोरं रुजू होतात त्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीची वाट बघतात. बदली झाली की मास्तर गावी आणि शाळा वाऱ्यावर. अर्धा जीव औशाच्या यष्टीत ठेवून बाराखडी शिकवता येत नाही.

आणि परमुलखाचं कौतुक आम्हाला कुणी सांगू नये. आमच्या आजोबांना सोलापूर हाच परदेश होता. इकडे निजाम, तिकडे इंग्रज, मध्ये करोडगिरीचं म्हणजे जकातीचं नाकं. त्या काळात विजापूरकडचा एक माणूस आमच्या शेजारच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आला. व्यंकटेश खेडगीकर नाव. पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्याचा पुढारी झाला. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्याचंच नाव आहे. त्याच्या बदलीचा अर्ज अजून कुणाला सापडलेला नाही.

पण प्रत्येक मास्तराकडून स्वामीजी होण्याची अपेक्षा करायची आणि त्याला साधी राहायची जागा द्यायची नाही, हा कुठला न्याय? शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत आणि घरभाडं मात्र घेतात, म्हणून गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये आवाज उठवला. शिक्षक संघटना उलट खवळल्या. दोन्हीकडून भत्त्यावर तोंडाची वाफ दवडून झाली. घर कुठं आहे, हे कुणीच विचारलं नाही. मास्तर गावात राहतो हा ठराव ग्रामसभेचा, भत्ता सरकारचा आणि मास्तर दुसऱ्याच्या पडवीत.

भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांनी आमच्या भागातली बाराशे मुलं शिकायला पुण्याला नेली, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली. पन्नालाल सुराणांनी पोरक्या झालेल्या मुलांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' उभं केलं. बाराशे पोरांची सोय होते, तर एका मास्तराची का होऊ नये? तेव्हा कोकणातल्या आणि आमच्याही सरपंचांना विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत शिक्षक गावात राहतो की नाही याचा ठराव घेण्याआधी शाळेजवळची एक खोली झाडून, वीज जोडून, किल्ली मुख्याध्यापकांकडे द्या. मास्तर किल्लारीचा असेल तर दाराच्या कडीला तेवढं तेल घाला.