नारळशास्त्राची मूलतत्त्वे

सामूहिक नोकरकपात करणे सोपे असते. ती कळवणे अवघड. कपातीला पगारपत्रकावर एक रेघ पुरते. कळवण्याचा मजकूर मात्र चार जण वाचतात: ज्याची नोकरी गेली तो, त्याचा वकील, शेअर बाजार आणि ज्यांची अजून गेलेली नाही ते सहकारी. यांतल्या पहिल्याला वगळून उरलेल्या तिघांसाठी जे लिहिले जाते, त्याला नोकरकपातीचे पत्र म्हणतात.

या शास्त्राच्या अभ्यासाला जेऊर हे ठिकाण सोयीचे आहे. करमाळा तालुक्यात ऊस पिकतो, केळी पिकतात. नारळ येतो तो पुण्याहून. तालुक्याच्या गावाला रेल्वे नसल्याने दौंड-सोलापूर मार्गावरचे जेऊर हेच करमाळ्याचे स्टेशन. हिंजवडीला निघालेला इंजिनिअर येथूनच गाडीत चढतो आणि हाती नारळ पडल्यावर येथेच उतरतो.

शास्त्राचा आरंभकाळ गिरण्यांचा. सोलापुरात १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या आणि एकेक करून साऱ्या बंद पडल्या. गिरणीची नोटीस गेटवर लागे. या पद्धतीत एक मोठा दोष होता. सगळे कामगार ती एकाच वेळी, एकाच जागी, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून वाचत, आणि वाचून झाल्यावर आपसांत बोलत. त्यातून सभा होत, मोर्चे निघत, मालकाच्या बंगल्याला पोलीस बसवावे लागत. पुढच्या शंभर वर्षांत दळणवळणाची जी साधने निघाली, त्यांनी प्रामुख्याने हा दोष दूर केला. ईमेल बारा हजार जणांना एका क्षणी जातो, पण प्रत्येक जण तो एकटा वाचतो. अनेकदा त्याआधीच लॅपटॉप बंद पडलेला असतो, म्हणजे शेजारच्याला विचारण्याचीही सोय उरत नाही.

दुसरी अडचण कायद्याची होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने कळवण्याच्या कलेवर मोठाच अन्याय केला. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला काढायचे तर एक महिन्याची लेखी नोटीस द्या किंवा तेवढा पगार द्या, नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्या, आणि नोटिशीत कारण लिहा, असे त्याने सांगितले. शिवाय जो शेवटी आला तो सामान्यतः आधी जाईल, आणि पुन्हा भरती निघाली तर काढलेल्याला आधी विचारावे लागेल. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला तर सरकारची आगाऊ परवानगी लागे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली. या सगळ्यात पैशाची कलमे तितकीशी जाचक नव्हती. जाचक होते ते कारण लिहिणे.

यावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय बढतीचा. कायद्याच्या व्याख्येत व्यवस्थापकीय काम करणारा माणूस कामगार ठरत नाही. म्हणून माउसखेरीज ज्याच्या हाताखाली कोणी नाही अशा माणसालाही मॅनेजर म्हटले जाते. तो पेढे वाटतो. पेढ्यांबरोबर आपण नेमके काय वाटून टाकले, हे त्याला पुढे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समजते. दुसरा उपाय याहून सुबक आहे, त्याकडे शेवटी येऊ.

प्रत्यक्ष पत्राच्या रचनेचा आदर्श २०१४ साली मायक्रोसॉफ्टने घालून दिला. नोकिया विकत घेतल्यावर तेथील १२,५०० माणसे कमी करायची होती. कंपनीचे अधिकारी स्टीफन इलॉप यांनी पाठवलेल्या पत्राची सुरुवात 'हॅलो देअर' अशी खेळकर होती. पुढे धोरण, फोनची मॉडेले आणि कंपनीची दिशा यांचा दहाएक परिच्छेदांचा घाट चढून गेल्यावर वाचकाला तो आकडा भेटत असे. तोवर जो वाचत राहिला, त्याची चिकाटी पाहता त्याला ठेवून घ्यायला हवे होते.

याउलट बेटर डॉट कॉम या अमेरिकी कंपनीचे प्रमुख विशाल गर्ग यांनी डिसेंबर २०२१ मध्ये झूमवर सुमारे ९०० जणांना काही मिनिटांत सांगून टाकले की, या कॉलवर जे आहेत ते दुर्दैवी गटातले आहेत. जगभर छी-थू झाली. काढल्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. इतके स्वच्छ बोलल्याबद्दल बोलले. गर्ग काही आठवडे रजेवर गेले आणि परत रुजू झाले. ब्रिटनच्या पी अँड ओ फेरीज कंपनीने १७ मार्च २०२२ रोजी जवळपास ८०० खलाशांना आधीच चित्रित करून ठेवलेल्या व्हिडिओतून निरोप दिला, त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्यायला पडद्यावर कोणी नव्हतेच. संघटनांशी आधी बोलणे कायद्याने आवश्यक होते आणि ते आपण टाळले, हे कंपनीच्या प्रमुखांनी नंतर संसदीय समितीपुढे मान्य केले. गूगलने जानेवारी २०२३ मध्ये १२,००० जणांची कपात जाहीर केली तेव्हा सुंदर पिचाई यांनी संपूर्ण जबाबदारी स्वतःवर घेतली. नोकरी मात्र बारा हजारांची गेली. जबाबदारी आणि परिणाम यांची ही वाटणी आता प्रमाण मानली जाते.

आपल्याकडचे ठळक उदाहरण टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे. जुलै २०२५ मध्ये कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली होती. कंपनी भविष्यासाठी सज्ज होत आहे, असे सांगण्यात आले. भविष्य हा कारणाचा फार चांगला प्रकार आहे, कारण ते खोटे ठरवायला पुरावा मिळत नाही. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत कर्मचारीसंख्या १९,७५५ ने घटलेली दिसली. त्यात आपणहून गेलेलेही धरलेले आहेत. आपणहून म्हणजे किती आपणहून, हा वाद पुण्यात रंगला. एकट्या पुण्यात सुमारे अडीच हजार जणांना राजीनामा द्यायला भाग पाडले, असा दावा 'नाइट्स' या पुण्याच्या आयटी कर्मचारी संघटनेने केला. कंपनीने तो फेटाळला.

राजीनामा हाच तो दुसरा उपाय. तो कोणत्याही कंपनीत साधारण एकाच रीतीने अमलात येतो. पंधरा मिनिटांची बैठक ठेवली जाते, तिचे नाव मुद्दाम निरुपद्रवी असते. बैठकीत दोन मार्ग सांगितले जातात: स्वतः राजीनामा लिहिला तर अनुभवाचे पत्र चांगले मिळेल, कंपनीने काढले तर पुढची कंपनी चौकशी करील तेव्हा तसे सांगावे लागेल. कर्मचारी लिहून देतो. अशा रीतीने कंपनीला कारण लिहावे लागत नाही, पत्रही लिहावे लागत नाही. ज्याला कळवायचे त्यानेच कंपनीला कळवलेले असते, आणि खाली दिलेल्या संधीबद्दल आभारही मानलेले असतात.

मात्र कळवण्याची साखळी येथे तुटत नाही. बॅगा घेऊन जेऊरला उतरलेल्या माणसाला आता घरी कळवायचे असते, आणि कंपनीकडून शिकलेली एकमेव विद्या त्याच्या कामी येते. आईला तो 'वर्क फ्रॉम होम' सांगतो. भावकीला 'प्रोजेक्ट बदलतोय' सांगतो. सोयरीक घेऊन आलेल्या मध्यस्थाला वडील परस्पर सांगतात की पोरगा आता स्वतःचं काहीतरी करणार आहे. दोन महिने कोणी काही विचारत नाही. तिसऱ्या महिन्यात पारावर विषय निघतो आणि खरे ते बाहेर पडते.

ऐकणारे मात्र साखर कारखान्यांच्या मुलखातले असतात. कारखाना अडचणीत आला तर तेथे कोणाला पत्र जात नाही, मेल जात नाही, भविष्याचा उल्लेख होत नाही; पगार तेवढा थकतो, आणि माणूस पुढच्या हंगामाला पुन्हा कामावर जातो. त्यामुळे 'का काढलं?' हा प्रश्न पारावर कोणी विचारत नाही. विचारतात ते 'पगार किती महिन्यांचा अडकलाय?' काहीच अडकलेला नाही, उलट काम न करता तीन महिन्यांचा पगार हाती देऊन पाठवले, हे कळल्यावर क्षणभर शांतता पसरते. मग एखादे आण्णा पुढे सरकून हळूच विचारतात, ''कंपनी चांगलीच म्हणायची की रे. आमच्या धाकट्याचं तिथं काही जमतंय का बघ.''